दिलेले, पण न पोहोचलेले दान : डॅफविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतल्या एखाद्या मदतसंस्थेच्या टपालात पाकीट येते. आत पाच हजार डॉलरचा चेक असतो. पाठवणाऱ्याच्या जागी एका मोठ्या धर्मादाय निधीचे नाव असते आणि सोबतच्या कागदावर, अगदी खाली, एका कुटुंबाचे. हिशेबनीस चेक बँकेत भरतो, देणगीदार म्हणून त्या मोठ्या निधीचे नाव नोंदवतो, आभाराचे पत्रही त्याच पत्त्यावर जाते आणि कागद फाइलला लागतो. ज्या कुटुंबाने निर्वासितांच्या छावणीतल्या मुलांसाठी हे पैसे द्यायचे ठरवले, त्याला एक ओळसुद्धा जात नाही. पुढच्या वर्षी त्याचे दान दुसरीकडे वळते. आपण काय गमावले, हे संस्थेला कळतही नाही.

हा चेक ज्या व्यवस्थेतून आला तिचे नाव ‘डोनर-अ‍ॅडव्हाइज्ड फंड’, म्हणजे दात्याच्या शिफारशीने चालणारा निधी. बोलताना सगळे ‘डॅफ’ म्हणतात. दाता आधी एका मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेकडे खाते उघडून त्यात पैसे किंवा शेअर देऊन टाकतो. करातली वजावट त्याला त्याच वर्षी मिळते. मग सवडीने, कोणत्या संस्थेला किती द्यावे याची तो शिफारस करत राहतो. खाते सांभाळणाऱ्या संस्थेला आपण इथे ‘निधीसंस्था’ म्हणू. न्यूयॉर्क कम्युनिटी ट्रस्टने १९३१ मध्ये असा पहिला निधी सुरू केला. १९९१ मध्ये फिडेलिटी चॅरिटेबल स्थापन झाली आणि गुंतवणूक कंपन्यांशी जोडलेल्या निधीसंस्थांचे युग सुरू झाले. अमेरिकी कायद्यात डॅफची व्याख्या मात्र २००६ मध्ये आली. पगारासोबत कंपनीचे शेअर मिळणाऱ्या तिथल्या मराठी कुटुंबांनाही हा मार्ग सोयीचा आहे.

डॅफमधला पैसा दिला गेलेला असतो, पण गरजवंतापर्यंत पोहोचलेला नसतो. मधले अंतर कापायला मदतसंस्थेनेच पुढे व्हावे लागते, आणि त्या वाटेत गैरसमजच फार आडवे येतात.

गैरसमज १ : डॅफमधला पैसा शेवटी दात्याचाच असतो.

वस्तुस्थिती : खात्यात भरलेली रक्कम त्याच क्षणी कायद्याने निधीसंस्थेच्या मालकीची होते. ती परत मागता येत नाही, घरखर्चाला वापरता येत नाही. दात्याकडे उरतो तो शिफारशीचा अधिकार. निधीसंस्था सहसा शिफारस मान्य करते, पण तिला नकार देण्याचा हक्क असतो.

लोक या मार्गाने का जातात, ते एका हिशेबाने कळेल. समजा, एका अभियंतीने पूर्वी १०,००० डॉलरला घेतलेले शेअर आज ५०,००० डॉलरचे झाले आहेत. ते विकून दान करायचे तर ४०,००० डॉलरच्या नफ्यावर आधी कर भरावा लागेल. शेअरच डॅफमध्ये दिले तर तो कर लागत नाही, आणि वर्षभरापेक्षा जास्त काळ बाळगलेले असतील तर ठरलेल्या मर्यादेत पूर्ण बाजारभावाची वजावट मिळते. लहान मदतसंस्थेला शेअर स्वीकारण्याची यंत्रणा उभी करणे जड जाते. डॅफमुळे तिच्या हाती थेट रोकड पडते.

म्हणून डॅफ असलेल्या दात्याशी बोलताना करसवलतीचे आमिष दाखवण्यात अर्थ नाही. सवलत त्याने केव्हाच घेतली आहे आणि पैसाही हातावेगळा केला आहे. आता त्याच्यापुढे एकच प्रश्न आहे : हा पैसा कुठे सर्वात जास्त उपयोगी पडेल? त्याचे उत्तर कामातूनच द्यावे लागते.

गैरसमज २ : हे अतिश्रीमंतांचे साधन आहे.

वस्तुस्थिती : फिडेलिटी चॅरिटेबलमध्ये खाते उघडायला किमान रकमेची अट नाही आणि तिथून अगदी ५० डॉलरचे अनुदानही देता येते. काही निधीसंस्थांची अट मोठी आहे. व्हॅनगार्ड चॅरिटेबल सुरुवातीला २५,००० डॉलर मागते. पण शिक्षक, परिचारिका, निवृत्त अभियंते यांनीही डॅफ उघडलेले असतात. मोठ्या देणगीदारांच्या यादीपुरतेच डॅफविषयी बोलणाऱ्या संस्थेला हे लोक दिसतच नाहीत. देणगीच्या अर्जावर ‘मी डॅफमधून देऊ इच्छितो’ असा पर्याय द्यावा, सोबत संस्थेचे कायदेशीर नाव आणि नऊ अंकी करओळख क्रमांक छापावा. त्याला खर्च जवळजवळ काहीच येत नाही.

गैरसमज ३ : डॅफमध्ये गेलेला पैसा तिथेच पडून राहतो.

वस्तुस्थिती : हा आक्षेप अर्धा खरा आहे आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. खासगी फाउंडेशनला दरवर्षी साधारण ५ टक्के मालमत्ता वाटावीच लागते. डॅफ खात्यावर अशी सक्ती नाही. दुसरी बाजू आकड्यांत दिसते. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या डॅफमध्ये मिळून सुमारे २५० अब्ज डॉलर होते आणि त्या वर्षी त्यांतून ५० अब्ज डॉलरहून अधिक अनुदाने दिली गेली. एकूण प्रमाण फाउंडेशनच्या किमान मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त भरते. तरीही सरासरीच्या आड वर्षानुवर्षे न हललेली खाती दडतात, आणि एका डॅफमधून दुसऱ्या डॅफमध्ये गेलेली रक्कमही अनुदानातच मोजली जाते. याच कारणाने २०२१ मध्ये सिनेटर अँगस किंग आणि चक ग्रासली यांनी कालमर्यादा घालणारे विधेयक मांडले होते. ते मंजूर झाले नाही.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर पडून राहिलेला पैसा हलवण्याचा साधा उपाय म्हणजे विचारणे. अनेक दाते खाते उघडतात, कामाच्या रगाड्यात विसरतात, ‘पुढे बघू’ म्हणतात. त्यांच्या ओळखीच्या, विश्वासाच्या संस्थेने नेमकी गरज सांगून शिफारस करण्याची विनंती केली, तर बहुतेकांना ती खटकत नाही. उलट राहून गेलेली गोष्ट पुरी झाल्याचे समाधान मिळते.

गैरसमज ४ : चेकवर दात्याचे नाव नाही, म्हणजे त्याला अनामिक राहायचे आहे.

वस्तुस्थिती : चेक निधीसंस्थेचा असतो, कारण पैसा तिचा आहे. दात्याचे नाव-पत्ता द्यायचा की नाही, हे दाता शिफारस करताना ठरवतो आणि पूर्ण अनामिक राहणारे थोडेच असतात. नाव बहुधा सोबतच्या पत्रात, ऑनलाइन तपशिलात किंवा खात्याच्या नावात असते. त्या कागदाकडे नीट बघितले जात नाही, एवढाच दोष असतो.

नोंदवहीत दोन नोंदी हव्यात. रक्कम निधीसंस्थेच्या नावावर आणि श्रेय शिफारस करणाऱ्या कुटुंबाच्या नावावर, दोन्ही एकमेकांना जोडलेल्या. केवळ पहिली नोंद ठेवली तर दहा वर्षे साथ देणारे कुटुंब यादीत ‘देणे थांबवलेला दाता’ म्हणून दिसू लागते, कारण त्याने वैयक्तिक चेक देणे बंद करून डॅफचा मार्ग धरलेला असतो. ज्याने खरोखरच नाव कळवू नका म्हटले आहे, त्याचा शोध घेऊ नये. निधीसंस्थेमार्फत आभार पोहोचतील का, एवढे विचारावे आणि थांबावे.

गैरसमज ५ : दात्याला नेहमीसारखी कराची पावती पाठवली की काम झाले.

वस्तुस्थिती : इथे चांगल्या हेतूने चूक होते. दात्याने डॅफमध्ये पैसे टाकले तेव्हाच निधीसंस्थेने त्याला पावती दिली. त्याच पैशावर मदतसंस्थेने दुसरी पावती देणे चुकीचे आहे. रकमेची पोच निधीसंस्थेला द्यावी. कुटुंबाला पाठवायचे ते निखळ आभाराचे पत्र : तुमच्या शिफारशीवरून अमुक निधीसंस्थेकडून एवढी रक्कम मिळाली, त्यातून हे काम होणार आहे. ‘देणगी करवजावटीस पात्र’ हे छापील वाक्य त्या पत्रातून आठवणीने काढावे.

गैरसमज ६ : डॅफमधून जेवणाचे तिकीट, वर्गणी, काहीही भरता येते.

वस्तुस्थिती : डॅफच्या अनुदानाबदल्यात दात्याला किंवा त्याच्या कुटुंबाला किरकोळाहून जास्त लाभ मिळता कामा नये. मिळाला तर त्या लाभाच्या १२५ टक्के इतका दंडात्मक कर बसू शकतो. निधी उभारण्याच्या भोजन समारंभाचे ५०० डॉलरचे तिकीट, त्यात १०० डॉलरचे जेवण. तर ४०० डॅफमधून आणि १०० खिशातून, अशी वाटणीही अमेरिकी करखात्याला मान्य नाही.

लेखी वचनाची बाब नाजूक आहे. ‘तीन वर्षांत ३०,००० डॉलर देण्यास मी बांधील आहे’ असे दात्याने वैयक्तिकरीत्या लिहून दिले आणि पैसे डॅफमधून आले, तर दुसऱ्याच्या पैशाने स्वतःचे देणे फेडल्यासारखे होते. करखात्याच्या २०१७ च्या सूचनेने काही अटींवर यात सूट दिली, तरी बऱ्याच निधीसंस्थांचे नियम कडक आहेत. म्हणून अर्जात ‘बांधील आहे’ ऐवजी ‘माझ्या डॅफमधून शिफारस करण्याचा माझा मानस आहे’ असे लिहून घ्यावे. संस्थेला अंदाजपत्रक आखता येते आणि दाताही अडचणीत येत नाही.

गैरसमज ७ : अमेरिकेतल्या डॅफमधून थेट गावाकडच्या संस्थेला किंवा पूरग्रस्त कुटुंबाला पैसे पाठवता येतात.

वस्तुस्थिती : गावी पूर आला की परदेशातल्या माणसाचा जीव तुटतो आणि हा प्रश्न हमखास निघतो. डॅफमधून कोणत्याही व्यक्तीला पैसे देता येत नाहीत, मग ती कितीही गरजू असो. परदेशी संस्थेला द्यायचे तर निधीसंस्थेला दोहोंपैकी एक करावे लागते : ती संस्था अमेरिकी धर्मादाय संस्थेच्या तोडीची आहे हे कागदपत्रांवरून ठरवायचे, किंवा खर्चावर स्वतः देखरेख ठेवून अहवाल घ्यायचे. अनेक निधीसंस्था या खटाटोपात पडत नाहीत. मग सोपा रस्ता उरतो तो अमेरिकेत नोंदलेल्या आणि भारतात काम पोहोचवणाऱ्या संस्थांचा. १९७८ पासून कार्यरत असलेले अमेरिकेतले महाराष्ट्र फाउंडेशन किंवा २००१ च्या भूज भूकंपानंतर उभे राहिलेले अमेरिकन इंडिया फाउंडेशन ही त्याची परिचित उदाहरणे.

पैसा भारतात उतरला की परकीय योगदान नियमन कायदा, म्हणजे एफसीआरए, लागू होतो. स्वीकारणाऱ्या संस्थेकडे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर ही रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावी लागते, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो आणि पैसे पुढे दुसऱ्या संस्थेला वाटता येत नाहीत. पुण्यातल्या मोठ्या संस्थेने पैसे घेऊन गडचिरोलीतल्या छोट्या संस्थेला द्यायचे, ही जुनी वाट त्यामुळे बंद झाली.

यातली एक बारकी गोष्ट फार जणांना गोंधळात टाकते. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने दिलेली देणगी परकीय योगदान धरली जात नाही. पण त्याच माणसाने ते पैसे आधी डॅफमध्ये टाकले, तर ते अमेरिकी निधीसंस्थेचे होतात. तिथून येणारा पैसा परकीयच. दात्याच्या खिशात भारतीय पासपोर्ट असला तरी फरक पडत नाही. तेव्हा भारतातल्या संस्थेने पैसे स्वीकारण्याआधी एवढे जरूर विचारावे : हे तुमच्या खात्यातून येणार की डॅफमधून?

गैरसमज ८ : प्रत्येक दात्याने डॅफच वापरावा.

वस्तुस्थिती : साडेसत्तर वर्षांवरील अमेरिकी दाता आपल्या वैयक्तिक निवृत्तिखात्यातून थेट संस्थेला दान देऊन खास करलाभ घेऊ शकतो. तीच रक्कम डॅफमध्ये टाकली तर तो लाभ मिळत नाही. ज्याला ज्या मार्गाने देणे सोयीचे, तो त्याचा मार्ग. त्याला करसल्लागाराकडे पाठवण्याइतका प्रामाणिकपणा संस्थेकडे असावा.

गैरसमज ९ : आपत्ती आली की मागायचे, एरवी त्रास द्यायचा नाही.

वस्तुस्थिती : आपत्तीत डॅफ खरोखरच उपयोगी पडतो, कारण पैसा आधीच बाजूला काढलेला असतो आणि शिफारस घरबसल्या करता येते. पण आपत्तीचे दुःख बातम्यांपेक्षा कितीतरी लांब चालते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मदतीचे ट्रक काही दिवसांत पोहोचले. घरे, शाळा आणि उद्ध्वस्त मने उभी राहायला वर्षे गेली. मानवतावादी कामाला पहिल्या आठवड्यातल्या लाटेइतकीच नंतरच्या कोरड्या महिन्यांतली संथ धार हवी असते.

डॅफमधून दरमहा किंवा दर तिमाहीला आपोआप जाणारे अनुदान लावता येते. दात्याच्या पश्चात शिफारस कोण करणार, हे ठरवता येते. उरलेली रक्कम एखाद्या संस्थेला जावी, असेही खात्यात नोंदवता येते. या गोष्टी पहिल्या भेटीत मागायच्या नसतात. त्या आधी वर्षातून दोनदा खरे अहवाल जायला हवेत : काय झाले, काय जमले नाही, आता कशाची गरज आहे. दात्याच्या मुलांनाही पत्रात सामील करून घ्यावे, कारण पुढची शिफारस कदाचित त्यांचीच असेल.

या सगळ्याची सुरुवात अगदी लहान आहे. उद्या सकाळी गेल्या तीन वर्षांच्या चेकांच्या फाइली काढा. निधीसंस्थांचे चेक वेगळे करा, त्यांच्या सोबतचे कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि तिथे जी नावे सापडतील त्यांतल्या प्रत्येकाला पत्र लिहा. उशिराबद्दल मनापासून दिलगिरी व्यक्त करा आणि त्यांच्या पैशाने कोणत्या छावणीत पाणी आले, कोणत्या दवाखान्यात औषध पोहोचले, ते सांगा. त्यांनी दान केव्हाच दिले होते. ते पोहोचले, हे त्यांना अजून कुणी सांगितलेले नाही.