सर्व्हरची वाणी आणि त्याची जागृति



आमच्या गांवच्या एका वाचनालयाची संगणकावरील ग्रंथसूची मी निवृत्तीनंतर हौसेनें सांभाळतों. गेल्या पावसाळ्यांत ती दोनदां बंद पडली आणि मुलें हात हलवीत परत गेलीं. पहिल्या वेळीं वीज जाऊन आली. संगणक उठला, पण टॉमकॅट हा वेब सर्व्हर उठला नाहीं. दुसऱ्या वेळीं डिस्क तुडुंब भरली. मूळ एकच : सर्व्हर मी हातानें सुरू करीत असें.

लिनक्सवरील प्रत्येक प्रोग्रामास तीन वाटा मिळतात : ० ही ऐकण्याची, १ बोलण्याची, २ तक्रारीची. शेवटच्या दोन्ही एरवीं पडद्यावर जातात. त्या फायलीकडे वळवितां येतात. मात्र क्रम सांभाळावा. आधीं १ फायलीकडे वळवावी, मग २ ला ‘१ जेथें जाते तेथें जा’ असें सांगावें. उलट केल्यास तक्रारी पडद्यावरच राहतात. कारण २ ला १ ची त्या क्षणींची जागा मिळते, पुढची नव्हे.

टॉमकॅटची आरंभाची स्क्रिप्ट हेंच करून सारें बोलणें ‘कॅटलिना.आऊट’ या फायलींत ओतते. ही फाईल टॉमकॅट स्वतः छाटीत नाहीं. तिनें डिस्क भरली, म्हणून मी घाईनें ती पुसली. तरी जागा सुटेना! नांव गेलें, पण सर्व्हरनें फाईल उघडी धरिली होती. तो थांबेपर्यंत जागा अडलेलीच राहते. ती पुसावयाची नव्हती, रिकामी करावयाची होती. चाळीस वर्षें फळा पुसणाऱ्यास हा भेद कळूं नये!

आतां हें काम मी सिस्टिमडीकडे सोंपविलें आहे. ही व्यवस्था २०१० सालीं आली. आज बहुतेक प्रचलित लिनक्समध्यें संगणक उठतांच तीच इतर सेवांना उठविते. तिच्यासाठीं एक छोटी फाईल लिहावी : सर्व्हर कोणत्या वापरकर्त्याच्या नांवें चालावा, कोणत्या आज्ञेनें, आणि कोसळल्यास पुनः उठवावा. आज्ञेंत ‘स्टार्ट’ऐवजीं ‘रन’ घालावें; म्हणजे टॉमकॅट पडद्याआड न जातां समोर राहून बोलतो आणि त्याच्या दोन्ही वाटा सिस्टिमडीच्या रोजनिशींत उतरतात. ही रोजनिशी डिस्कवर ठेविली तरी, मर्यादा न बदलल्यास, त्या विभागाच्या १० टक्क्यांहून व ४ गिगाबाइटांहून अधिक जागा घेत नाहीं. जुनीं पानें आपोआप गळतात.

एक चूक मात्र मीहि केली. ‘स्टार्ट’ ही सिस्टिमडीची आज्ञा सर्व्हरला आतां उठविते. प्रत्येक वेळीं उठावा म्हणून ‘एनेबल’ निराळें द्यावें लागतें. तें दिल्यावर, वाचनालय बंद असतां, एका रविवारीं मी संगणक मुद्दाम बंद करून पुनः चालू केला. कोणाचाहि हात न लागतां सूची उघडली.