आधी सेन्सर, मग मॅप

कार्बोरेटरच्या गाडीचं ट्यूनिंग कानावर चालायचं. मिस्त्री एअर स्क्रू पाव आटा फिरवायचा, आवाज ऐकायचा आणि गाडी हातात द्यायचा. बजाजने २००७ मध्ये इंजेक्शनची पल्सर २२० काढली आणि २००९ मध्ये तिला पुन्हा कार्बोरेटर बसवला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि तो परतीचा रस्ता बंद झाला. पण इंजेक्शनच्या गाडीला घरी हात लावता येत नाही, हा समज चुकीचा आहे.

इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा, हे ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, आत साठवलेल्या तक्त्यावरून ठरवतो. या तक्त्यालाच मॅप म्हणतात. ६००० आरपीएमला इंजिनचं एक चक्र २० मिलिसेकंदांत उरकतं. पेट्रोलचा हिशेब तेवढ्यात करायचा असतो. थ्रॉटल किती उघडला, आत येणाऱ्या हवेचा दाब किती, इंजिन किती तापलंय, हे त्याला सेन्सर सांगतात. ते सांगतील तेच त्याच्या लेखी खरं. म्हणून मॅप बदलायला लॅपटॉप उघडण्याआधी सेन्सर खरं बोलताहेत ना, हे बघावं. घरच्या ट्यूनिंगचं निम्मं काम इथेच होतं, असं माझं ठाम मत आहे.

बेंड पाइप हेडला जिथे बसतो तिथला गॅस्केट फुंकला, की सायलेन्सरमधून धूर बाहेर जाताना तिथून थोडी बाहेरची हवाही आत खेचली जाते. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो. मिश्रण पातळ झालं असं समजून ईसीयू पेट्रोल वाढवतो. ॲव्हरेज पडतं, प्लग काळा होतो, आणि मालक मॅप बदलायला निघतो. बिघाड मात्र एका स्वस्त गॅस्केटचा. अशक्त बॅटरीही घोळ घालते, कारण कमी व्होल्टेजवर इंजेक्टर उशिरा उघडतो. थ्रॉटल बॉडीतली काजळी, चीर गेलेलं इनटेक रबर, बिघडलेलं टॅपेट सेटिंग हे सगळं आधी निस्तरावं.

खरी मॅपिंगची गरज मोकळा सायलेन्सर किंवा एअर फिल्टर बसवल्यावर पडते. संथ, एकसारख्या वेगात कंपनीचा ऑक्सिजन सेन्सर मिश्रण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल या प्रमाणाजवळ राखतो. पूर्ण थ्रॉटलला ईसीयू त्याचं ऐकत नाही, छापील मॅपवर चालतो. तिथे ताकदीसाठी प्रमाण १३ च्या आसपास लागतं, आणि नेमकं तिथेच मिश्रण पातळ होतं. मग इंजिन तापतं, नॉकिंग होतं, पिस्टनवर बेततं.

यासाठी पिगीबॅक युनिट (ईसीयूला जोडून त्याचा पेट्रोलचा हिशेब बदलणारं यंत्र) आणि वाइडबँड सेन्सर लागतो. साधा सेन्सर मिश्रण जाड की पातळ एवढंच सांगतो, वाइडबँड किती ते सांगतो. स्टँडवर रेस देऊन मिळालेले आकडे कामाचे नाहीत, इंजिनवर भार हवा. मोकळ्या रस्त्यावर लॉगिंग चालू ठेवून फिरावं, आकडे घरी येऊन वाचावेत, आणि एका वेळी मॅपचा एकच भाग दोन-तीन टक्क्यांनी बदलावा. तापमान सेन्सरला रेझिस्टर जोडून ईसीयूला फसवायचा स्वस्त उपाय कुणी सुचवला तर स्पष्ट नकार द्या. त्याने सगळीकडेच मिश्रण जाड होतं, गरज असो वा नसो.

ई-२० पेट्रोलमध्ये इथेनॉल असल्याने त्याचं आदर्श प्रमाण साधारण १३.५ वर येतं. म्हणून वाइडबँडचा मीटर लॅम्डावर, म्हणजे आदर्श प्रमाणाशी तुलना दाखवणाऱ्या आकड्यावर, ठेवावा: १ म्हणजे बरोबर, मग टाकीत कुठलंही पेट्रोल असो.