औषधशोधासाठी रसायनशास्त्राचे शिक्षण : सर्पगंधा व हळद यांचे दोन धडे

आपल्या सभासदांची मुले रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून औषधशोधाच्या क्षेत्रात जाण्याची इच्छा धरतात. तथापि क्षारपरीक्षण, अभिक्रियांची नावे व त्यांचे टप्पे पाठ करणे, एवढ्यावर थांबणारे शिक्षण त्या कामास पुरे पडत नाही. ते का, हे आपल्या नित्य परिचयाच्या दोन द्रव्यांवरून समजून घेता येते.

पहिले द्रव्य सर्पगंधा. डॉ. रुस्तम वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत या मुळाचा उपयोग करून १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये लेख लिहिला. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील शास्त्रज्ञांनी त्यातून रेसर्पिन वेगळे केले, तर १९५६ साली वुडवर्ड यांनी ते कृत्रिमरीत्या घडविले. पुढे १९९७ साली लिपिन्स्की यांनी तोंडावाटे घ्यावयाच्या औषधांसाठी एक ठोकताळा मांडला. रेणुभार ५०० हून अधिक नसावा आणि नायट्रोजन व ऑक्सिजन यांचे अणू मिळून दहाहून अधिक नसावेत, ही त्यातील दोन कलमे. रेसर्पिनचा रेणुभार सुमारे ६०९ व असे अणू अकरा. म्हणजे दोन्ही कलमे मोडली, तरीही मिलिग्रॅमच्या अंशाएवढी मात्रा पोटातून घेतल्यास रक्तदाब उतरतो.

याउलट हळदीतील कर्क्युमिन. रेणुभार ३६८, ठोकताळ्याच्या परीक्षेत सहज उत्तीर्ण. परंतु रक्तरसाविना, शरीराच्या तापमानाच्या व ७.२ पीएच असलेल्या द्रावणात अर्ध्या तासात त्याचा सुमारे ९० टक्के भाग विघटित होतो. शिवाय ते स्वतः प्रकाशमान होते, धातूंना धरते, प्रथिनांना चिकटते. त्यामुळे अनेक चाचण्यांत दिसणारा ‘गुण’ हा औषधाचा नसून मोजमापातील गोंधळाचा असू शकतो, असे २०१७ साली ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’तील एका विस्तृत समीक्षेने दाखवून दिले. समग्र हळदीविषयीचा हा निवाडा नव्हे. मात्र ‘हळद म्हणजेच कर्क्युमिन’ असे वेष्टनावर छापणाऱ्यांना त्याचे उत्तर द्यावे लागेल.

नियम पाठ असलेला विद्यार्थी येथे दोन्ही वेळा चुकला असता. म्हणून अभ्यासक्रमात द्रव्याचे शोषण, विघटन व उत्सर्जन यांचे शास्त्र हवे, संख्याशास्त्र हवे, आणि एकच निष्कर्ष दोन भिन्न पद्धतींनी पडताळण्याची सवय हवी. यासाठी प्रत्येक वेळी महागडी उपकरणे लागतातच असे नाही. वर सांगितलेले कर्क्युमिनचे विघटन महाविद्यालयातील साध्या वर्णमापकावर, दर पाच मिनिटांनी पिवळा रंग मोजून, एका तासिकेत पाहता येते. अभिक्रियांची यादी घोकण्यापेक्षा हा एक तास अधिक शिकवील, असे आमचे मत आहे.

फार्मसीचालकांनाही येथे वाटा उचलता येईल. सुट्टीत अशा विद्यार्थ्यास आपल्या गुणनियंत्रण विभागात घ्यावे. ओळख पटविलेले मूळ, त्याच्या संग्रहाचा काळ, नव्या व वर्षभर साठविलेल्या चूर्णातील घटकांच्या प्रमाणातील फरक, ही कामे त्याच्याकडे सोपवावीत व त्याच्या नोंदी आपल्या दप्तरी जपाव्यात.