पोथीची मुद्रित प्रत आणि प्रिंटरची निवड : जुने यंत्र की नवे?

हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्या विभागांपुढे अलीकडे एक व्यावहारिक प्रश्न वारंवार उभा राहतो. पोथ्यांची पाने आता स्कॅनरने किंवा डिजिटल कॅमेऱ्याने टिपली जातात. तरीही संपादकास पाठ ठरविण्यासाठी, विद्यार्थ्यास लिपी शिकण्यासाठी आणि ग्रंथालयास मूळ पान वारंवार हाताळले जाऊ नये यासाठी, कागदावर उतरविलेली विश्वसनीय प्रत लागतेच. ही प्रत कोणत्या यंत्रावर काढावी, आणि आधीच्या पिढीचे यंत्र चालू स्थितीत असता नवे घ्यावे काय, हा तो प्रश्न होय. वरवर पाहता तो खरेदीचा वाटतो. वस्तुतः त्याचा संबंध पाठचिकित्सेपर्यंत पोचतो. येथे एक निश्चित उदाहरण घेऊन त्याचा विचार करावयाचा आहे.

एप्सन या जपानी उत्पादकाचे शुअरकलर पी८०० हे यंत्र २०१५ मध्ये बाजारात आले आणि २०२० मध्ये त्याची जागा पी९०० या यंत्राने घेतली. आशियातील काही बाजारांत ही यंत्रे अनुक्रमे पी८०७ व पी९०३ या नावांनी ओळखली जातात. दोन्ही यंत्रे सतरा इंच, म्हणजे सुमारे ४३ सेंटिमीटर रुंदीपर्यंतचा कागद घेतात. त्यामुळे बहुतेक पोथ्यांचे पान त्यांवर मूळ आकारात उतरविता येते. दोहोंतही वेगळे साधन जोडून गुंडाळीचा कागद वापरता येतो, व जोडून लांब केलेल्या कागदांची प्रत अखंड काढता येते. तेव्हा या दोहोंत खरा फरक कोणता?

फरकांची यादी करणे सोपे आहे. त्यांतील महत्त्वाचा कोणता हे ठरविणे अवघड. या कामी भाषाशास्त्रातील एक परिचित कसोटी उपयोगी पडते. 'पळ' आणि 'फळ' या शब्दांत केवळ महाप्राणत्वाने अर्थ बदलतो. म्हणून मराठीत तो भेद अर्थभेदक मानावा लागतो. उलट 'अंक' आणि 'अंत' यांतील अनुनासिकांचा उच्चार निराळा असूनही केवळ त्या निराळेपणामुळे मराठीत दोन शब्द वेगळे होत नाहीत. यंत्रांच्या बाबतीतही हेच विचारावे : या फरकामुळे मुद्रित प्रतीत पाठाचा एखादा भेद दिसू लागतो किंवा नाहीसा होतो काय? तसे होत असेल तर तो फरक आपल्या दृष्टीने अर्थभेदक. एरवी तो असून नसल्यासारखा.

आता पोथीच्या पानाची अपेक्षा काय असते ते पाहू. आपल्याकडील पारंपरिक शाई मुख्यतः काजळी आणि डिंक यांची. शीर्षके, दंड किंवा अध्यायसमाप्ती यांसाठी हिंगूळ वापरीत. चुकलेले अक्षर रद्द करावयाचे झाल्यास त्यावर पिवळ्या हरताळाचा लेप देत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार त्यावरूनच आला. हे तिन्ही रंग ज्या कागदावर असतात तो स्वतः काळाने पिवळसर वा तपकिरी झालेला असतो. कृष्णधवल प्रतीत हरताळाचा लेप आणि पाण्याचा डाग यांत भेद करणे पुष्कळदा अशक्य होते. म्हणजे लेखकाने रद्द केलेले अक्षर आणि अपघाताने पुसट झालेले अक्षर एकसारखेच दिसतात. संपादकाच्या दृष्टीने हा भेद मूलभूत आहे. तीच गोष्ट अनुस्वाराची. 'वश' आणि 'वंश' यांतील अंतर एका टिंबाचे असते. ते टिंब शाईचे आहे, की कसरीने पाडलेले छिद्र, की कागदातील तंतू, हे प्रतीवरून कळले पाहिजे.

टिंबाच्या स्पष्टतेपुरते बोलावयाचे तर दोन्ही यंत्रे सारखीच समर्थ आहेत. इंचास ३६० बिंदू या प्रमाणाची प्रतिमा दिली असता एका मिलिमीटरात सुमारे १४ बिंदू येतात. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या अनुस्वारास सात बिंदूंची रुंदी मिळते आणि त्याची कड ओळखू येते. येथे उणीव राहिली तर ती बहुधा मूळ छायाचित्रणात असते. नव्या यंत्राने ती भरून निघत नाही.

रंगांचा व टिकाऊपणाचा प्रश्न समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. शाईफवारा प्रिंटरची शाई दोन प्रकारची असते. एकीत रंजकद्रव्य द्रवात विरघळलेले असते. दुसरीत घन रंगकण द्रवात तरंगत असतात. काजळीची शाई या दुसऱ्या प्रकारचीच, आणि शतकांनंतरही पोथीची अक्षरे काळी राहिली आहेत याचे कारण कार्बनाचे कण प्रकाशाने फिके होत नाहीत. इ. स. २००० मध्ये याच उत्पादकाची तीन यंत्रे आली. स्टायलस फोटो ८७० व १२७० यांत विरघळलेली शाई होती. तिचे रंग उजळ आणि देखणे, पण काही कागदांवरील चित्रे अल्पावधीतच नारिंगी पडू लागली. हवेतील ओझोन वायू निळसर रंजकाचा नाश करीत होता, असे निष्पन्न झाले. त्याच वर्षीच्या स्टायलस फोटो २०००पी या यंत्रात रंगकणांची शाई होती. तिची चित्रे टिकाऊ होती. मात्र दिव्याखाली तटस्थ वाटणारी करडी छटा दिवसाच्या उजेडात हिरवट भासे. २००५ पासून तीन निरनिराळ्या तीव्रतेच्या काळ्या शाया एकत्र वापरणारी, राळेच्या आवरणात बांधलेल्या रंगकणांची पद्धती आली आणि हा दोष मोठ्या प्रमाणात आटोक्यात आला.

या इतिहासावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, यंत्राचे वर्ष हे गुणवत्तेचे माप नव्हे. एकाच वर्षीची, एकाच उत्पादकाची यंत्रे शाईच्या जातीमुळे अगदी भिन्न ठरली. दुसरी अशी की, अभ्यासकाच्या दृष्टीने निर्णायक बदल २००५ पर्यंत होऊन गेले होते. पी८०० आणि पी९०० ही दोन्ही त्या बदलांनंतरची यंत्रे; दोहोंत रंगकणांचीच शाई आहे. म्हणून त्यांच्यातील अंतर हे पिढीचे असले तरी जातीचे नाही.

ते अंतर मुख्यत्वे तीन ठिकाणी आहे. पहिले, जांभळ्या शाईचे. जुन्या यंत्रात नऊ कार्ट्रिजे असतात. नव्यात दहा असून जादा रंग जांभळा आहे. त्यामुळे निळ्या-जांभळ्या छटांचा आवाका वाढतो. काजळी, हिंगूळ, हरताळ यांना त्याचा विशेष उपयोग नाही. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच्या कागदपत्रांत जांभळ्या शाईचे शिक्के व कॉपिंग पेन्सिलीची अक्षरे आढळतात. अशा दप्तराचे काम असेल तर हा फरक अर्थभेदक ठरू शकतो.

दुसरे अंतर काळ्या शाईच्या व्यवस्थेचे. मॅट कागदास एक काळी शाई लागते, चकचकीत कागदास दुसरी. पी८०० मध्ये या दोन शायांना प्रिंटहेडमधील मार्ग एकच असल्यामुळे कागदाची जात बदलताना शाई बदलावी लागते. त्यात काही मिनिटे जातात आणि थोडी शाई वाया जाते. पी९०० मध्ये दोहोंचे मार्ग स्वतंत्र आहेत. जो विभाग पोथ्यांच्या प्रती मॅट कापसी कागदावर आणि शिलालेख वा ताम्रपट यांची छायाचित्रे चकचकीत कागदावर आलटून पालटून काढतो, त्याला ही सोय मोलाची आहे. जो केवळ मॅट कागदच वापरतो, त्याच्या दृष्टीने जुन्या यंत्राचा हा दोष अस्तित्वातच नाही.

तिसरे अंतर खर्चाचे, आणि येथे जुन्याची बाजू वरचढ आहे. पी८०० चे कार्ट्रिज ८० मिलिलिटरचे, तर पी९०० चे ५० मिलिलिटरचे. एखाद्या रंगाची ४०० मिलिलिटर शाई लागली तर जुन्यास पाच कार्ट्रिजे पुरतील, नव्यास आठ लागतील. नवे यंत्र आकाराने लहान व वजनाने हलके आहे हे खरे. पण ती सोय टेबलाची, वाचकाची नव्हे.

टिकाऊपणाविषयीच्या विधानांकडे भाषेच्या अभ्यासकाने विशेष सावधपणे पाहावे. रंगीत प्रत 'दोनशे वर्षांपर्यंत' टिकेल, अशा स्वरूपाचे दावे या शायांबद्दल केले गेले आहेत. यातील 'पर्यंत' हे शब्दयोगी अव्यय वरची सीमा सांगते, खालची नव्हे. दीडशे वर्षे टिकेल असा अर्थ त्यातून निघत नाही. शिवाय हे आकडे प्रत्यक्ष काळाने दिलेले नसून तीव्र प्रकाशात केलेल्या चाचण्यांवरून काढलेले अनुमान असते. या क्षेत्रातील अमेरिकन संशोधक हेन्री विल्हेल्म यांच्या संस्थेच्या चाचण्यांत सुमारे २४ अंश सेल्सिअस तापमान आणि ६० टक्के सापेक्ष आर्द्रता गृहीत धरलेली असते. मुंबई, कोकण, किंवा पावसाळ्यातील पुणे यांना ते गृहीतक लागू पडत नाही. म्हणून वर्षांचा आकडा दोन शायांच्या तुलनेसाठी वापरावा, भविष्यासाठी नव्हे. प्रत आम्लरहित कापसी कागदावर, शक्यतो शुभ्रकारक द्रव्य न घातलेल्या कागदावर काढावी आणि कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवावी; आयुष्याच्या दृष्टीने याचे महत्त्व यंत्राच्या क्रमांकाहून अधिक आहे.

प्रत्यक्ष निर्णयापूर्वी एक साधी चाचणी करावी. काजळीची अक्षरे, हिंगुळाचे दंड, हरताळाचा लेप, पाण्याचा डाग आणि कसरीचे छिद्र ही सर्व ज्यावर आहेत असे एक पान निवडावे. एकाच प्रतिमेवरून, एकाच कागदावर दोन्ही यंत्रांच्या प्रती काढाव्या व त्या एक दिवस वाळू द्याव्या. नंतर मूळ पान न पाहिलेल्या वाचकाकडून त्या खिडकीच्या उजेडात आणि दिव्याखाली वाचवून घ्याव्या. कोणत्या प्रतीवरून कोणता पाठ चुकला याची नोंद करावी. चुका सारख्याच निघाल्या तर त्या कामापुरती दोन्ही यंत्रे समान आहेत, असे समजण्यास हरकत नाही.

या विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतो. पी८०० चालू स्थितीत आहे, काम मॅट कागदावरचे आहे आणि शाई मिळते आहे, तोवर ते बदलण्याचे शास्त्रीय कारण दिसत नाही. तो पैसा चांगल्या कॅमेऱ्यात, प्रकाशयोजनेत आणि कागदात घालावा. यंत्र नव्यानेच घ्यावयाचे असेल तर मात्र नवे घेणे इष्ट. जुन्याचे उत्पादन थांबलेले आहे; दुसऱ्याने वापरलेले यंत्र दीर्घकाळ बंद राहिलेले असल्यास त्याच्या सूक्ष्म छिद्रांत शाई वाळलेली असण्याचा संभव मोठा. कागद वारंवार बदलणाऱ्या किंवा जांभळ्या शिक्क्यांची दप्तरे हाताळणाऱ्या विभागासही नवेच योग्य. आणि यंत्र कोणतेही असो, आठवड्यातून एकदा तरी त्यावर छिद्रांची तपासणीप्रत काढलीच पाहिजे.

हा सारा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. जुलै १९६१ मधील पानशेतचा पूर पुण्याने पाहिला आहे; जानेवारी २००४ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर झालेल्या हल्ल्यात ग्रंथ व हस्तलिखिते यांची हानी झाली. मूळ पान नाहीसे होते तेव्हा प्रत हाच पुरावा उरतो, आणि त्या वेळी प्रतीतील एखादे टिंब शाईचे की छिद्राचे, हे सांगणारे दुसरे साधन नसते. आज प्रत काढणाऱ्याने तो वाचक डोळ्यांपुढे ठेवून यंत्राची निवड करावी.