दहा रोपांची साडेसहा लाख

दहा रोपं. पंधरवड्याने वीस, महिन्याने चाळीस, दोन महिन्यांनी एकशे साठ. इथवर ती कुणाच्या डोळ्यावर येत नाहीत, काठाला कुठेतरी हिरवा पट्टा दिसतो इतकंच. चार महिन्यांनी २,५६० होतात, सहा महिन्यांनी ४० हजारांच्या वर. आणि सोळाव्या दुपटीला, म्हणजे साधारण आठ महिन्यांत, आकडा होतो ६,५५,३६०. विल्यम पेनफाउंड आणि टी. टी. अर्ल या दोन अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञांनी लुइझियानातल्या जलपर्णीचा अभ्यास करून १९४८ साली हा हिशेब मांडला. मार्चच्या मध्याला दहा रोपांपासून सुरुवात झाली तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत एक एकर पाणी गच्च भरतं.

पुण्यात मुळा-मुठेच्या काठी, आळंदीला इंद्रायणीवर किंवा कल्याणजवळ उल्हास नदीच्या पुलावर उभं राहिलेल्या माणसाला हा आकडा खोटा वाटणार नाही. पण याच जलपर्णीचं एक रोप पावसाच्या साठवलेल्या पाण्यात सोडलं तर ते आठवड्या-दोन आठवड्यांत पिवळं पडू लागतं. रोप तेच, ऊनही तेच. फरक पाण्यात काय विरघळलंय याचा.

पावसाच्या एक लिटर पाण्यात विरघळलेले पदार्थ असतात जेमतेम १०-२० मिलिग्रॅम. समुद्राच्या एका लिटरमध्ये ३५,००० मिलिग्रॅम. म्हणजे ज्याला आपण सरसकट ‘पाणी’ म्हणतो, त्याच्या दोन टोकांत दोन-तीन हजार पटींचं अंतर आहे. पाणवनस्पतींचं सगळं जग या अंतरात कुठे ना कुठे बसलेलं आहे, आणि कोण कुठे बसणार हे ठरवणारे पदार्थ बहुतेक वेळा मिलिग्रॅमच्याही अंशात मोजावे लागतात.

पहिली अडचण कार्बनची. जमिनीवरच्या झाडाला पानाभोवतीच्या हवेतून कार्बन डायऑक्साइड मिळत राहतो. पाण्यात बुडालेल्या पानालाही तो लागतो, पण पाण्यात हा वायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. पानाला चिकटलेल्या पाण्याच्या पातळ थरातला वायू संपला की नवा येईपर्यंत पान उपाशी. शिवाय साठाही तोकडा: २५ अंश तापमानाला, हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात लिटरमागे जेमतेम ०.६ मिलिग्रॅम. घरी काचेच्या टाकीत पाणवनस्पती वाढवणारे हौशी लोक म्हणूनच सिलिंडर जोडून वायू सोडतात आणि पातळी २० ते ३० मिलिग्रॅमपर्यंत नेतात. तीस-पन्नास पट! तेव्हा कुठे त्या टाकीत हिरवा गालिचा पसरतो.

तळ्यात सिलिंडर नसतो. तिथे काही वनस्पतींनी वेगळी वाट काढली आहे. दख्खनच्या बेसॉल्टमधून झिरपलेलं पाणी जड असतं, बायकार्बोनेटने भरलेलं. सामू ८.३ असलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूमागे बायकार्बोनेटचे सुमारे नव्वद रेणू असतात. बायकार्बोनेटचं हे कोठार पाण्यातल्या बहुतेक हरितांना (मॉसना) उघडताच येत नाही. हायड्रिला या पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पतीला येतं, आणि त्यामुळे विहिरीच्या, कालव्याच्या जड पाण्यात हायड्रिलाची दाटी होते तिथे हरिता तग धरत नाही.

जलपर्णी या सगळ्या कटकटीतून मोकळी आहे. एक रोप उचलून देठाचा फुगीर भाग दाबून पाहा: आत स्पंजासारखी पोकळ ऊती, हवेने भरलेली. त्या फुग्यांवर पानं पाण्याच्या वर उभी राहतात. कार्बन हवेतून फुकट, ऊन डोक्यावर थेट. पाण्याकडून तिला हवी असतात फक्त क्षारद्रव्यं, शेतकऱ्यांच्या भाषेत नत्र, स्फुरद, पालाश. वाढीला आवर घालणाऱ्या गोष्टींपैकी दोन तिने आधीच निकालात काढलेल्या आहेत. तिसरी तिच्या हातात नाही, आपल्या आहे.

ही तिसरी गोष्ट खरोखर दुर्मीळ असते तेव्हा काय होतं, ते कासच्या पठारावर पावसाळ्यात पाहावं. जांभ्याच्या कातळावर वीतभर पाणी साचतं. ते निव्वळ पावसाचं, आणि खालच्या खडकातून त्यात उतरण्यासारखंही फारसं काही नसतं. त्या भणंग पाण्यात आणि भिजलेल्या मातीत सीतेची आसवं फुलतात, निळ्या-जांभळ्या रंगाची, नाजूक. खाली मात्र शिकारखाना चालू असतो. तिच्या प्रजातीतल्या वनस्पतींना मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या पिशव्या असतात. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकून ताणून बसते, सूक्ष्म जिवाचा केसांना स्पर्श झाला की दार उघडतं आणि जीव पाण्यासकट आत ओढला जातो. पाण्यात वाढणाऱ्या जातींवर केलेल्या मोजणीत हा सगळा प्रकार एका मिलिसेकंदाच्या आत उरकतो असं दिसलं आणि आत खेचल्या जाणाऱ्या पाण्याचा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या ६०० पटींपर्यंत गेला. आपली पापणी एकदा लवते तेवढ्यात अशा शंभर शिकारी एकापाठोपाठ होऊ शकतील. एवढा खटाटोप कशासाठी? नत्र-स्फुरदाच्या काही मायक्रोग्रॅमसाठी. जांभ्याचा सडा म्हणजे ओसाड कातळ असं समजून तिथे खत, सांडपाणी किंवा गाड्यांचा राडा पोचवणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात घ्यायला हवा. तिथली वनस्पती गरिबीवरच जगते, आणि पाणी श्रीमंत झालं की तिची जागा गवत-शेवाळ घेतं.

दुसऱ्या टोकाला लोणार. उल्केच्या आघाताने झालेलं, पावणेदोन किलोमीटरहून जास्त व्यासाचं ते विवर आणि तळाशी १०.५ च्या आसपास सामू असलेलं पाणी. सामूचं मोजमाप दर पायरीला दहा पटींनी सरकतं, त्यामुळे ७ आणि १०.५ यांतला फरक साडेतीन दिसला तरी प्रत्यक्षात तो तीन हजार पटींहून जास्त आहे. तिथे जलपर्णीचा निभाव लागत नाही. राज्य चालतं स्पायरुलिनासारख्या सूक्ष्म नीलहरित जिवांचं. २०२० च्या जूनमध्ये पाणी आटून खारटपणा वाढला तेव्हा त्यांनाही मागे सारून क्षारप्रिय सूक्ष्मजीव पुढे आले आणि तळं गुलाबी झालं.

साध्या मिठाचीही जलपर्णीला तितकीच धास्ती. लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम मीठ झालं की ती मरते, समुद्रात तर ३५ ग्रॅम असतं. केरळात वेंबनाड सरोवरावर, कुट्टनाडच्या भातशेतीत खारं पाणी शिरू नये म्हणून तण्णीरमुक्कमचा बंधारा घातला. खारं पाणी अडलं आणि आतल्या गोड्या पाण्यात जलपर्णी माजली.

आता आपल्या हातातल्या त्या तिसऱ्या गोष्टीकडे. नत्र, स्फुरद की कार्बन, तळं हिरवंगार करणारा खरा गुन्हेगार कोण, यावर साठ-सत्तरच्या दशकात उत्तर अमेरिकेत मोठा वाद होता. साबण-डिटर्जंटवाले बोट दाखवत होते कार्बनकडे. १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर यांनी कॅनडातल्या ऑन्टारिओमध्ये २२६ क्रमांकाच्या तलावाच्या चिंचोळ्या भागात आडवा पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एकात कार्बन आणि नत्र, दुसऱ्यात कार्बन, नत्र आणि स्फुरद. काही आठवड्यांत स्फुरदाची बाजू शेवाळाने हिरवी झाली, दुसरी स्वच्छ राहिली. विमानातून काढलेला तो फोटो जगभर गाजला.

तलाव बिघडायला लिटरमागे ०.०३५ मिलिग्रॅम स्फुरद पुरतं. शहरी मैलापाण्यात ते ५ मिलिग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे एक लिटर मैलापाणी निरुपद्रवी करायला स्फुरद नसलेलं सुमारे १४० लिटर पाणी त्यात मिसळावं लागेल. उन्हाळ्यात धरणातून थेंबही न सुटणाऱ्या नदीत ते कुठून आणायचं?

माणूस दिवसाला साधारण १ ग्रॅम स्फुरद शरीराबाहेर टाकतो. दहा लाख वस्तीच्या शहराचं ते रोजचं १ टन. जलपर्णीच्या ओल्या वजनात ९५ टक्के पाणी, आणि उरलेल्या कोरड्या भागात स्फुरद सुमारे ०.४ टक्का. भागाकार केला तर १ किलो स्फुरदावर ५,००० किलो ओली जलपर्णी पोसली जाऊ शकते. त्या शहराचं एका दिवसाचं स्फुरद ५,००० टनांना पुरेल: दहा टनी ट्रकच्या पाचशे फेऱ्या, रोज. प्रत्यक्षात बरंच स्फुरद गाळात बसतं, बरंच वाहून जातं, त्यामुळे ही कमाल मर्यादा समजावी. पण तिचा दहावा हिस्सा धरला तरी कुठल्याही महापालिकेचं यंत्र त्याला पुरं पडणार नाही.

आणि आपण करतो काय? दर उन्हाळ्यात निविदा निघते, पोकलेन आणि बोटी येतात, हिरवे ढीग काठावर पडतात. नव्वद टक्के जलपर्णी काढली असं धरा. उरलेल्या दहा टक्क्यांना पुन्हा शंभरवर यायला साडेतीनपेक्षा कमी दुपटी लागतात, म्हणजे पेनफाउंड-अर्लच्या वेगाने साधारण ५० दिवस. नव्व्याण्णव टक्के काढली तरी सव्वातीन महिने. त्यातून तळच्या गाळात पडलेलं बी पंधरा-वीस वर्षं रुजण्याची ताकद राखून असतं. काढू नये असं मी म्हणत नाही. डास होतात, मासे गुदमरतात, काढावीच लागते. पण कंत्राटात मोजले जातात काढलेले टन, नदीत गेलेलं स्फुरद कुणी मोजत नाही.

सांडपाणी प्रक्रिया केंद्रं (एसटीपी) आहेत ना, असं कुणी म्हणेल. नेहमीच्या पद्धतीच्या प्रक्रियेत घाण आणि वास बऱ्यापैकी जातो, स्फुरदापैकी मात्र जेमतेम १० ते ३० टक्के निघतं. नळीतून बाहेर पडणारं पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसतं आणि जलपर्णीला ते खत असतं. उरलेलं स्फुरद काढायला वेगळा टप्पा लागतो.

तो टप्पा अवघडही नाही, आणि त्याचा गुणही येतो. शिंडलर यांनी ३०४ क्रमांकाच्या तलावात नत्र आणि कार्बन घालणं चालूच ठेवून फक्त स्फुरद थांबवलं, तेवढ्याने शेवाळाचा बहर ओसरला. सांडपाण्यातलं स्फुरद खाली बसवायला जगभर वापरली जाते ती तुरटी, आपल्या जलशुद्धीकरण केंद्रांत पोत्यांनी येणारी. रासायनिक हिशेबाने १ किलो स्फुरदाला साडेनऊ-दहा किलो, प्रत्यक्ष वापरात पंधरा ते वीस-पंचवीस किलो. दहा लाख वस्तीच्या त्या शहराला रोज फार तर २५ टन तुरटी लागेल, शिवाय बसलेल्या गाळाची विल्हेवाट. समोर ५,००० टन ओल्या जलपर्णीची शक्यता.