नेपाळची वाट : सन १९८९ चा भारत-नेपाळ तंटा

आपल्या वाचकांपैकीं ज्यांचें शेत दुसऱ्याच्या शेताआड आहे, त्यांस प्रस्तुत विषय समजावून सांगण्यास फार शब्द लागणार नाहींत. जमीन काळी असो, विहिरीस बारमाही पाणी असो. गाडीवाट परक्याच्या गटांतून जात असली म्हणजे त्या जमिनीचा धनी अर्धाच धनी असतो. पेरणीस बियाणें न्यावयाचें तर शेजाऱ्याचें तोंड पाहावें लागतें, ऊस बाहेर काढावयाचा तर पुन्हा त्याचेंच. प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी तहसील कचेरींत गेली, व वाटेचे तंटे त्यानें पुष्कळ पाहिले. तशाच जातीचा एक तंटा सन १९८९ मध्यें दोन राष्ट्रांत झाला. गाऱ्हाणें नेपाळचें, आणि ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणें तो आपला भारत देश. वरवर पाहतां वाद व्यापाराच्या कराराचा होता; आंत कारण शस्त्रांचें होतें.

नेपाळच्या पूर्वेस, दक्षिणेस व पश्चिमेस भारत आहे, आणि उत्तरेस हिमालयापलीकडे चीनच्या ताब्यांतील तिबेट. समुद्र कोठेंच लागत नाहीं. सर्वांत जवळचें मोठें बंदर कलकत्ता, आणि तेथून रक्सौलमार्गें वीरगंजपर्यंत लोहमार्ग सातशें किलोमीटरांच्या आसपास पडतो. परदेशांतून नेपाळसाठीं येणारा माल, मग तीं यंत्रें असोत, रासायनिक खत असो कीं औषधें, बहुतेक कलकत्त्याच्या बाजूस जहाजांतून उतरतो. त्यावर मोहोर लावून, भारताची जकात न घेतां, तो सरहद्दीवर पोंचविला जातो व तेथें नेपाळचे अंमलदार तो ताब्यांत घेतात. याखेरीज रॉकेल, पेट्रोल, डिझेल आणि मीठ या वस्तु भारतांतूनच जातात. घरांतील दिवा, चूल आणि शेतावरील इंजिन हीं तिन्ही ज्या रस्त्यावर अवलंबून, तो रस्ता दुसऱ्याचा, ही नेपाळची अडचण आहे.

आतां कागदपत्रांकडे वळूं. इंग्रजी अमदानींत सन १९२३ चा तह झाला. त्यांत इंग्रजांनीं नेपाळचें स्वातंत्र्य मान्य केलें, आणि भारतीय बंदरांतून थेट नेपाळकडे जाणाऱ्या मालावर जकात घ्यावयाची नाहीं असें ठरविलें. शस्त्रें आणण्याची मुभाही दिली. मात्र नेपाळचा हेतु मैत्रीचा आहे अशी इंग्रज सरकारची खात्री असेपर्यंतच. इंग्रज गेल्यानंतर ३१ जुलै १९५० रोजीं काठमांडू येथें एकाच दिवशीं दोन करार झाले; एक शांतता व मैत्रीचा, दुसरा व्यापाराचा. मैत्रीच्या तहाच्या पांचव्या कलमान्वयें नेपाळास आपल्या संरक्षणासाठीं भारतांतून किंवा भारताच्या प्रदेशांतून शस्त्रें आणण्याची मोकळीक मिळाली, आणि त्याची रीत उभय सरकारांनीं विचारविनिमयानें ठरवावी असें लिहिलें गेलें. त्याच दिवशीं पत्रांचीही देवघेव झाली. एकास परक्या शत्रूपासून धोका उत्पन्न झाला तर दुसऱ्यानें तो सहन करूं नये, दोघांनीं मसलत करून उपाय योजावा, असा त्या पत्रांतील आशय. आणि हीं पत्रें कांहीं वर्षें लोकांपासून गुप्त राहिलीं. पुढें सन १९६५ मध्यें नेपाळी सैन्यास शस्त्रें भारतानें पुरवावीं असा आणखी एक करार झाला. सन १९६९ मध्यें नेपाळचे पंतप्रधान कीर्तिनिधि बिष्ट यांनीं तो आपल्यावर बंधनकारक नसल्याचें बोलून दाखविलें.

ज्यानें दप्तर हाताळलें आहे तो पांचव्या कलमापाशीं थबकेल. भारतांतून अथवा भारतामार्गें येणाऱ्या शस्त्रांची व्यवस्था लिहिली. परंतु तीं तिबेटच्या बाजूनें आलीं तर? सन १९५० मध्यें त्या बाजूस मोटारीचा रस्ताच नव्हता, म्हणून तो प्रश्न कोणास सुचला नसावा. सन १९६७ मध्यें चीनच्या साहाय्यानें काठमांडू ते कोदारी हा रस्ता खुला झाला आणि न लिहिलेल्या ओळीला एकाएकीं किंमत आली.

सन १९८८ मध्यें नेपाळनें चीनकडून शस्त्रें विकत घेतलीं. त्यांत विमानविरोधी तोफा होत्या. दिल्लीचा प्रश्न सरळ होता: नेपाळचे शेजारी दोनच; तोफा चीननें दिलेल्या; मग त्या कोणाच्या विमानांवर रोखावयाच्या? सन १९६२ च्या युद्धांत भारत उत्तरेकडून पोळला होता. शिवाय नेपाळशीं असलेली सुमारें साडेसतराशें किलोमीटरांची सरहद्द उघडी आहे. पारपत्रावांचून इकडचे लोक तिकडे व तिकडचे इकडे रोज जातात-येतात. अशा उघड्या अंगणाच्या पलीकडे चिनी तोफा येऊन बसाव्यात हें भारतास खपणें शक्य नव्हतें, आणि या भीतीला लेखक खोटी मानीत नाहीं. काठमांडूचें म्हणणें असें कीं, आम्ही स्वतंत्र राष्ट्र आहों, कोणाकडून काय घ्यावें हा आमचा प्रश्न, आणि तहांतील शब्द भारतमार्गें येणाऱ्या शस्त्रांपुरते आहेत. राजे वीरेंद्र यांनीं सन १९७५ मध्यें नेपाळ हें शांतिक्षेत्र मानावें अशी सूचना मांडली होती. तीस भारतानें संमति दिली नव्हती, तीही सल मनांत होतीच. भर म्हणून नेपाळनें सन १९८७ मध्यें काठमांडूच्या खोऱ्यांत काम करणाऱ्या भारतीयांस परवाने घ्यावयास लावले होते.

या सर्व गोष्टींत व्यापाराचा संबंध कोठें आला? सन १९७८ मध्यें व्यापाराचा एक व मालाच्या वाटेचा एक असे दोन निरनिराळे करार झाले होते. त्यांची मुदत २३ मार्च १९८९ रोजीं संपत होती. भारत म्हणे, पुन्हा एकच एकत्रित करार करूं. नेपाळ म्हणे, दोन वेगळेच हवेत. हा हट्ट शब्दांचा नव्हता. एका कागदांत दोन्ही गोष्टी घातल्या म्हणजे व्यापारांत बिनसतांच वाटही अडते; आणि वाट हा आपला हक्क आहे, सौद्याचा भाग नव्हे, असें नेपाळास म्हणावयाचें होतें. भारताचीही एक जुनी तक्रार होती. नेपाळच्या नांवानें आणलेला परदेशी माल चोरवाटांनीं परत भारतांत उतरे. म्हणजे वाट दिली गाडीसाठीं आणि गुरें शिरलीं पिकांत.

येथें एका जुन्या प्रकरणाची आठवण होते. गांवाचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. मागच्या शेताच्या धन्यानें आपल्या विहिरींतील पाण्याचा वांटा एका तिसऱ्या इसमास दिला. त्या इसमाचें व पुढच्या शेतकऱ्याचें वैर. महिना उलटला नाहीं तोंच वाटेवर बाभळीच्या काट्या येऊन पडल्या. पुढच्यानें कचेरींत दिलेल्या जाबांत विहिरीचा उल्लेखही नव्हता. माझें पीक तुडविलें जातें, एवढेंच त्यानें लिहून दिलें. मामलेदार कोर्ट कायदा, सन १९०६, याच्या पांचव्या कलमाखालीं अडथळा काढण्याचा हुकूम झाला, पण तोंवर तोडीस आलेला ऊस वाळून वजनांत घटला होता. मागच्या धन्यानें मधल्या काळांत ओढा उतरून तिसऱ्याच्या शेतांतून दुसरी वाट पाडली. ती तिप्पट लांब आणि पावसाळ्यांत चिखलाची. जवळची वाट खुली झाल्यावरही तो कांहीं गाड्या मुद्दाम त्या लांबच्या वाटेनेंच नेई.

आपल्याकडे वाटेचे दोन प्रकार मानतात. सन १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्यान्वयें वीस वर्षें उघडपणें, अखंड आणि हक्क म्हणून वहिवाटलेली वाट ही मालकीसारखीच पक्की होते. परंतु धन्याच्या परवानगीनें वापरलेली वाट पन्नास वर्षें वापरली तरी परवानगीचीच राहते. नेपाळच्या वाटेस मुदतीचा करार होता, म्हणजे दिल्लीच्या दृष्टीनें ती दुसऱ्या प्रकारांत मोडे. आंतरराष्ट्रीय समुद्र-कायद्याचा जो करारनामा सन १९८२ मध्यें झाला, त्याच्या १२५ व्या कलमांत भूवेष्टित राष्ट्रास समुद्रापर्यंत जाण्या-येण्याचा हक्क मान्य केला आहे खरा. पण अटी मधल्या राष्ट्राशीं बोलून ठरवाव्यात व मधल्या राष्ट्रानें आपलें हित राखण्याचे उपाय योजावेत, हेंही तेथेंच लिहिलें आहे. शिवाय तो करारनामा सन १९९४ मध्यें अमलांत आला. १९८९ मध्यें नेपाळच्या हातीं तो पुरता नव्हता. आणि राष्ट्रांच्या वाटेवरील काट्या काढावयास लावणारा मामलेदार कोणता?

करार संपतांच भारतानें मालाच्या वाटेचे पंधरा नाके होते त्यांपैकीं रक्सौल व जोगबनी हे दोनच चालू ठेवले. एक वाट असली तरी कायद्याची पूर्तता होते, आणि आम्हीं कांहीं तोडलें नसून मुदत आपोआप संपली, असें भारत सरकारचें उत्तर होतें. तें शब्दशः खरें होतें. इंधन पुरविण्याची व्यवस्थाही त्याच सुमारास संपली. काठमांडूंत रॉकेलसाठीं रांगा लागल्या, मोटारी उभ्या राहिल्या, आणि चुलीसाठीं लोक कुऱ्हाड घेऊन रानांत शिरले. डोंगराळ मुलुखांत झाडें गेलीं म्हणजे पहिल्या पावसांत मातीही जाते, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. बंद नाक्यांवरील भारतीय दुकानदारांचें नेपाळी गिऱ्हाईकही तुटलें. शस्त्रें घेण्याचा निर्णय राजवाड्यांत झाला होता. रांगेंत उभा राहिला तो ज्याला त्या तोफांची वार्ताही नव्हती असा माणूस.

हें सव्वा वर्ष चाललें. या काळांत दोन्हीकडील कारभारी पालटले. भारतांत राजीव गांधी यांचें सरकार सन १९८९ च्या अखेरीस निवडणुकींत पडलें व विश्वनाथ प्रताप सिंह पंतप्रधान झाले. नेपाळांत लोकांचा रोष प्रथम भारतावर होता, तो हळूहळू पक्षविरहित पंचायत राजवटीकडे वळला. फेब्रुवारी १९९० मध्यें जनआंदोलन उभें राहिलें, एप्रिलमध्यें राजांनीं पक्षांवरील बंदी उठविली आणि कृष्णप्रसाद भट्टराई पंतप्रधान झाले. जूनमध्यें ते दिल्लीस आले; १ एप्रिल १९८७ रोजीं जी स्थिति होती ती पुन्हा आणावी, एकमेकांच्या संरक्षणाच्या चिंतेची कदर करावी, असें ठरलें व १ जुलै १९९० पासून नाके उघडले. डिसेंबर १९९१ मध्यें व्यापाराचा व वाटेचा असे दोन वेगळे करार झाले. म्हणजे पावणेतीन वर्षांपूर्वीं ज्या मुद्द्यावर बिनसलें होतें तोच नेपाळचा मुद्दा अखेर मान्य झाला. पुढें सन १९९९ मध्यें वाटेच्या करारास दर सात वर्षांनीं आपोआप मुदतवाढीची अट जोडली गेली.

सन २०१५ मध्यें पुन्हा तीच कहाणी. एप्रिलमध्यें भूकंपांत सुमारें नऊ हजार माणसें मेलीं होतीं. २० सप्टेंबरला नवी राज्यघटना झाली, तिजविरुद्ध तराईंतील मधेशी लोकांनीं सरहद्दीवर ठाण मांडलें आणि फेब्रुवारी २०१६ पर्यंत टँकर व मालमोटारी तटल्या. नेपाळ म्हणाला, ही भारताची अघोषित नाकेबंदी. भारत म्हणाला, अडथळा तुमच्याच हद्दींत आहे. खरें कोणाचें, या वादांत येथें शिरत नाहीं. मार्च २०१६ मध्यें पंतप्रधान के. पी. ओली यांनीं पेकिंगला जाऊन चीनच्या बंदरांतून माल आणण्याचा करार केला, व सन २०१९ मध्यें तियानजिनसह चार बंदरें नेपाळास खुलीं झालीं. तियानजिन नेपाळच्या सरहद्दीपासून तीन हजार किलोमीटरांहून दूर आहे, मध्यें तिबेटचें पठार. व्यापाऱ्याच्या हिशेबांत ही वाट बसत नाहीं. ओढ्यांतून गाड्या नेणारा तो शेतकरी लेखकास आठवतो तो या ठिकाणीं.

भारतानेंही नंतर हात सैल केला. मोतिहारीहून अमलेखगंजपर्यंत ६९ किलोमीटरांची तेलाची नळी सप्टेंबर २०१९ मध्यें सुरू झाली. वाटेचा करार सन २०२३ मध्यें नव्यानें होऊन त्यांत नदीमार्गांचीही भर पडली. आपल्या कांदा पिकविणाऱ्या वाचकांनीं एक गोष्ट लक्षांत घ्यावी. नेपाळ आपला बहुतेक कांदा भारतांतून घेतो. सप्टेंबर २०२० मध्यें व डिसेंबर २०२३ मध्यें सरकारनें कांद्याची निर्यात बंद केली ती देशांतील भाव उतरविण्यासाठीं, नेपाळवर राग म्हणून नव्हे. परंतु पलीकडच्या गिऱ्हाइकास ती बंद नाक्यासारखीच भासली असल्यास नवल नाहीं, आणि इकडे नाशिककडील कास्तकाराचाही कांदा पडूनच राहिला.

राहतां राहिला सन १९५० चा तह. त्यांतील शस्त्रांचें कलम व दोन्ही देशांच्या लोकांस दिलेल्या सवलती यांचा फेरविचार करण्यासाठीं सन २०१६ मध्यें उभय देशांच्या चार-चार जाणत्या पुरुषांचें मंडळ नेमलें गेलें. भारताकडील प्रमुख भगतसिंग कोश्यारी होते. तेच पुढें महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. मंडळानें सन २०१८ मध्यें एकमतानें अहवाल तयार केला. तो दोन्ही पंतप्रधानांस सादर करावयाचा होता. त्यानंतर वर्षांमागून वर्षें गेलीं, पण अहवाल स्वीकारला गेला नाहीं व तो बासनांतच राहिला.