लहान डबा, बाहेरची हार्ड डिस्क

मिनी पीसी म्हणजे साधारण लिटरभर आकारमानाच्या डब्यात बसवलेला पूर्ण संगणक. स्क्रीन, कीबोर्ड आणि माऊस त्याला बाहेरून जोडायचे असतात. एचडीएमआय केबल लावली की घरातला टीव्हीही स्क्रीनचे काम करतो. आत जागा थोडी, म्हणून त्यात बहुधा २५६ किंवा ५१२ जीबीची एकच एसएसडी येते. मुलांचे फोटो, लग्नाची चित्रफीत, स्कॅन केलेली घराची कागदपत्रे हे सारे मग बाहेरच्या हार्ड डिस्कवर जाते. वरवर ही अडचण दिसते. खरे तर मांडणी म्हणून हीच चांगली. यंत्र बिघडले तर दुसरे आणता येते. त्यासोबत घरच्या आठवणी जाऊ नयेत, एवढेच पाहायचे.

यंत्र आणि माहिती वेगळी ठेवण्याची कल्पना बेंगळुरूला जुनीच आहे. भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर या कंपनीतील अभियंत्यांनी मिळून २००१ साली 'सिम्प्युटर' हा हातात मावणारा संगणक पुढे आणला. गावातल्या अनेकांनी एकच यंत्र वापरावे आणि ज्याने त्याने आपली माहिती आपल्या स्मार्टकार्डात ठेवावी, असा त्यामागचा विचार होता. यंत्र बाजारात रुजले नाही, पण विचार मोलाचा होता. त्याच शहरात नोव्हेंबर २०२५ च्या बेंगळुरू टेक समिटमध्ये कर्नाटक सरकारच्या किऑनिक्स या संस्थेने 'किओ' हा छोटा, स्वस्त संगणक सादर केला. मिनी पीसीसारखाच तोही स्क्रीन बाहेरून जोडण्याचा.

घरासाठी असा डबा घ्यायचा तर बेंगळुरूकर टाउन हॉलजवळच्या सदर पत्रप्पा रस्त्यावर जातो. सगळे त्याला एस. पी. रोडच म्हणतात. दाटीवाटीच्या या बाजारात नव्या मालाइतकाच वापरलेला मालही मिळतो. शहरातल्या कंपन्या काही वर्षांनी कचेरीतले संगणक बदलतात आणि ते साफसूफ होऊन पुन्हा विक्रीला येतात. लेनोव्हो, डेल, एचपी यांचे कचेरीत वापरलेले छोटे डबे मजबूत असतात आणि घरच्या कामाला पुरून उरतात. मात्र प्रोसेसरची पिढी विचारूनच घ्यावी. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. सहाव्या-सातव्या पिढीचे डबे स्वस्त मिळण्याचे हे एक मोठे कारण. लिनक्स वापरायची तयारी असेल तर तेही उत्तम चालतात. रॅम ८ जीबी तरी असावी, १६ असल्यास बरे. डब्यासोबत त्याला लागणाऱ्या वॅटचा अ‍ॅडॅप्टर आहे ना, हे दुकानातच लावून पाहावे आणि पक्के बिल घ्यावे.

पैसे वाचवायचेच असतील तर ते प्रोसेसरवर वाचवावेत, विजेच्या व्यवस्थेवर नव्हे. बेंगळुरूत एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी वळीव कोसळतो आणि दिवे जातात. डिस्कवर लिहिणे चालू असताना वीज गेली की अर्धवट लिहिलेल्या फाइलसोबत फाइलींची सगळी नोंदवहीच बिघडू शकते. मोठ्या टॉवर संगणकाच्या मानाने मिनी पीसीला वीज फार कमी लागते, म्हणून ६०० व्हीएचा साधा यूपीएसही काम जतन करून संगणक नीट बंद करण्याइतका वेळ सहज देतो. डिस्कला स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असेल तर तोही यूपीएसलाच जोडावा. हे अनेक घरांत राहून जाते. संगणक चालू राहतो आणि डिस्क मात्र मध्येच बंद पडते.

बाहेरच्या हार्ड डिस्का दोन आकारांत येतात. अडीच इंची डिस्क यूएसबीतूनच वीज घेते. साडेतीन इंचीला १२ व्होल्टचा वेगळा अ‍ॅडॅप्टर लागतो. अडीच इंची डिस्क टिकटिक आवाज करत असेल, सारखी जोडली जाऊन तुटत असेल, तर ती खराब झाली असे लगेच समजू नये. पुष्कळदा तिला वीज कमी पडत असते. यूएसबी २ च्या पोर्टमधून अर्धा अँपिअर मिळतो, यूएसबी ३ मधून ०.९, आणि तबकडी फिरायला लागते त्या क्षणी डिस्कला सर्वांत जास्त विजेची गरज असते. रास्पबेरी पाय ४ सारख्या आणखी छोट्या संगणकात चारही पोर्टना मिळून १.२ अँपिअरच वाट्याला येतो. तिथे दोन डिस्का जोडायच्या तर स्वतःची वीज असलेला यूएसबी हब घ्यावाच लागतो.

दुसरी एक खोड फारशी कुणाला माहीत नसते. यूएसबी ३ ची केबल चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट निर्माण करते, आणि वायरलेस माऊस व जुने वायफाय त्याच पट्ट्यात चालतात. डिस्क लावताच माऊस अडखळू लागला तर माऊसचा रिसीव्हर डब्याच्या दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये लावावा.

नवी डिस्क जोडल्यावर १ टीबीऐवजी ९३१ जीबीच दिसते. यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. फॉरमॅटचा निर्णय मात्र डिस्क रिकामी असतानाच घ्यावा, कारण तो नंतर बदलायचा म्हणजे सगळे पुसायचे. फॅट३२ मध्ये ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही, म्हणजे लग्नाची लांब चित्रफीत तिथेच अडते. डिस्क फक्त विंडोजला लावायची असेल तर एनटीएफएस, विंडोज आणि मॅक दोन्हींना लावायची असेल तर एक्सफॅट, कायम लिनक्सच्या डब्यालाच राहणार असेल तर ईएक्सटी४ निवडावे. एक्सफॅट सोयीचे असले तरी अचानक वीज गेल्यास एनटीएफएस व ईएक्सटी४ इतके सावरून घेत नाही. डिस्क काढण्याआधी 'इजेक्ट' करणे सगळीकडेच आवश्यक.

डिस्क तयार झाली की कीबोर्डकडे पाहावे. बेंगळुरूतल्या मराठी घरात मुले शाळेत कन्नड शिकतात आणि आजीला मराठीत लिहायचे असते. दोघांसाठी भारतीय लिप्यांचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड सुरू करून ठेवावा. त्यात मराठीचा 'क' आणि कन्नडचा 'क' एकाच कळीवर आहे. एकदा बोटे बसली की दुसरी लिपी जवळजवळ आपोआप येते.

आता पुन्हा डिस्ककडे. फोटो बाहेरच्या डिस्कवर हलवून डब्यातून पुसले तर त्याला बॅकअप म्हणत नाहीत, कारण प्रत पुन्हा एकच उरते. तीच डिस्क टेबलावरून पडली तर सगळेच जाते. फिरत्या तबकडीपासून तिचे वाचक-टोक काही नॅनोमीटरच वर तरंगत असते. म्हणून प्रतीसाठी आणखी दोन डिस्का असाव्यात. एकीवर ठरलेल्या दिवशी प्रत काढावी आणि त्यातल्या चार-दोन फाइली उघडून पाहाव्यात. ही डिस्क घराबाहेर जाणार असल्याने ती कूटबद्ध करावी आणि तिची रिकव्हरी की कागदावर लिहून कपाटात ठेवावी. गणपतीला किंवा दिवाळीला बेळगाव, पुणे, कोल्हापूरला जाणे होतेच. तेव्हा भरलेली डिस्क तिथल्या घरी ठेवावी आणि गेल्या वर्षीची परत आणावी, मऊ कापडात गुंडाळून, हातातल्या पिशवीत.